लिहायला सगळे, वाचायला कोण?

जुन्या वेब ॲप्लिकेशनचं काम नव्या टीमकडे आलं की पहिल्या आठवड्यातच एक वाक्य कानावर पडतं : ‘हे सगळं फेकून देऊन पहिल्यापासून लिहिलं पाहिजे.’ बोलणारा सव्वीस वर्षांचा असतो, कोड अठरा वर्षांचा. आणि ज्यानं तो लिहिला तो आता न्यू जर्सीत बसून ‘लेगसी मॉडर्नायझेशन’ या विषयावर सल्ले देत असतो.

फेकून द्या म्हणायला कोड वाचावा लागत नाही, हा या शिफारशीचा सगळ्यात मोठा गुण. दुरुस्ती सुचवायची तर आधी आत काय चाललंय ते कळायला हवं. आत असतं चार हजार ओळींचं एक फंक्शन, त्यात ‘इफ’वर ‘इफ’, आणि त्यातल्या एकावर शेरा : ‘हे काढू नये.’ का काढू नये, ते लिहिलेलं नाही. कधीतरी ३१ मार्चच्या रात्री क्लायंटचा फोन आला होता, कुणीतरी पहाटे तीनला डोळे चोळत ही ओळ घातली आणि सकाळी लोकांचे पगार झाले. ओळ कुरूप आहे, मान्य. पण त्या रात्रीची दुसरी नोंद कुठंच नाही. मिनिट्स नाहीत, ईमेल नाही, माणूसही नाही. नव्यानं लिहिणारा ती ओळ गाळतो. मग पुढच्या ३१ मार्चला त्यालाही फोन येतो.

नेटस्केप कंपनीनं हा प्रयोग स्वतःच्या खर्चानं करून दाखवला. नव्वदच्या दशकात इंटरनेट म्हणजे नेटस्केप असं समीकरण होतं. १९९७ साली त्यांच्या ब्राउझरची चौथी आवृत्ती आली. मग ठरलं की पानं मांडणारं इंजिन फार जुनाट झालंय, ते टाकू आणि नवं लिहू. सहावी आवृत्ती यायला २००० चा नोव्हेंबर उजाडला. पाचवी आलीच नाही. मधल्या तीन वर्षांत मायक्रोसॉफ्टचा एक्सप्लोरर बाजार खिशात घालून मोकळा झाला. २००० च्याच एप्रिलमध्ये प्रोग्रामर जोएल स्पॉल्स्की यांनी लेख लिहून बजावलं की पहिल्यापासून लिहायला घेणं ही सॉफ्टवेअर कंपनीच्या हातून होणारी सगळ्यात वाईट धोरणात्मक चूक. तो लेख तेव्हापासून प्रत्येक टीममध्ये कुणीतरी कुणालातरी पाठवत असतं. पाठवून झाला की सगळे पहिल्यापासून लिहायला बसतात.

या कहाणीला एक पुरवणी आहे, ती लेख पाठवणारे गाळतात. नेटस्केपनं लिहायला घेतलेलं ते नवं इंजिन, गेको, वाया गेलं नाही. त्याच्यावरच २००४ मध्ये फायरफॉक्स उभा राहिला आणि एक्सप्लोररची झोप उडाली. म्हणजे लिहिलं ते चांगलंच होतं. फक्त २००३ मध्ये मालक कंपनी एओएलनं नेटस्केपचा कारभार गुंडाळल्यामुळे टाळ्या घ्यायला कंपनी हजर नव्हती.

जुनं न फेकण्याचं आपल्याकडचं उदाहरण तर रोजचं आहे. आपण त्याला रोज शिव्या देतो, त्यामुळे ते उदाहरण म्हणून सुचत नाही एवढंच.

तात्काळ तिकीट. सकाळी दहाला एसीचं, अकराला बिगर-एसीचं. पडद्यावर गोल चक्र फिरतं आणि घराघरांतून आयआरसीटीसीच्या वेबसाइटचा उद्धार सुरू होतो. ही वेबसाइट २००२ साली आली. २०१४ च्या एप्रिलमध्ये तिची ई-तिकीट यंत्रणा बदलली. मिनिटाला २००० तिकिटांची क्षमता आता ७२०० झाली, असं तेव्हा सांगितलं गेलं. पुढे २०१८ मध्ये आणि २०२० सरताना पुन्हा रंगरंगोटी झाली. पण ही सगळी दर्शनी बाजू. बर्थ देणारा मालक मागे बसलेला आहे आणि तो वेबसाइटपेक्षा वयानं बराच मोठा आहे. त्याचं नाव पीआरएस. आरक्षण खिडकीवरचा लिपिक ज्याच्याकडे तिकीट मागतो, त्याच्याचकडे तुमचा मोबाइलही मागतो. गर्दी एकाच दारात आहे. वेबसाइट म्हणजे त्या दाराबाहेरचा मांडव.

दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झालं १९८५-८६ मध्ये. मग रेल्वेच्या ‘क्रिस’ या संस्थेनं ‘कॉन्सर्ट’ नावाची प्रणाली लिहिली आणि १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद ही पाच केंद्रं एकमेकांशी जोडली. दादरच्या खिडकीवर उभं राहून हावड्याहून सुटणाऱ्या गाडीचं तिकीट मिळू लागलं, ते त्यामुळे. प्रणाली लिहिलेली आहे सी आणि फोर्ट्रान या भाषांत. फोर्ट्रान १९५७ सालची, म्हणजे महाराष्ट्र राज्यापेक्षा तीन वर्षांनी थोरली. खाली ऑपरेटिंग सिस्टिम ओपनव्हीएमएस, डिजिटल कंपनीची. डिजिटलला १९९८ मध्ये कॉम्पॅकनं गिळलं, कॉम्पॅकला २००२ मध्ये एचपीनं. कंपन्या एकमेकींच्या पोटात गेल्या. चार्ट मात्र रोज लागत राहिले.

एवढं जुनं का ठेवलं, असं विचारणाऱ्यानं त्या कोडला काय काय ठाऊक आहे ते एकदा मोजावं. एकच बर्थ दादर ते रत्नागिरी एकाला आणि रत्नागिरी ते मडगाव दुसऱ्याला देता येतो, हे त्याला ठाऊक आहे. जनरलचं वेटिंग वेगळं, मधल्या स्टेशनांचं वेगळं, छोट्या स्टेशनांच्या सामाईक कोट्याचं वेगळं, तात्काळचं आणखी वेगळं. जागा सुटली तर आधी कुणाला, हेही त्याच्याच डोक्यात. आरएसी म्हणजे साइड लोअरवर दोन अनोळखी माणसांनी एकमेकांच्या गुडघ्यांचा मान राखत बसणं, हेही. आरक्षण किती दिवस आधी उघडायचं, याचं उत्तर २०१३ मध्ये १२० वरून ६० झालं, २०१५ मध्ये पुन्हा १२०, २०२४ च्या नोव्हेंबरपासून पुन्हा ६०. शिवाय दिवसा धावणाऱ्या काही गाड्यांना हा नियम नाही आणि परदेशी पर्यटकांना ३६५ दिवस. रेल्वे बोर्डाचं मत बदलतं तसं कोडात एक ‘इफ’ वाढतं.

माझा आवडता नियम वयाचा. ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत २०२० च्या मार्चमध्ये थांबली. आता समजा, नव्यानं लिहिणारा हुशार मुलगा म्हणाला, ‘सवलत बंद आहे ना? मग साठीची अट काढून टाकू, कोड स्वच्छ होईल.’ कोड स्वच्छ होईल, आणि आजोबा अपर बर्थवर जातील. कारण साठीपुढच्या पुरुषांना आणि पंचेचाळिशीपुढच्या बायकांना जागा असेल तर न मागता लोअर बर्थ द्यायचा, हा नियम सवलतीपेक्षा वेगळा आहे आणि चालू आहे. दोन नियम, एकच रकाना. हे जुन्या कोडला माहीत आहे. कागदावरच्या गरजांच्या यादीत ते येईलच असं नाही, कारण यादी करणाऱ्या साहेबांना बर्थ मुख्यालयाच्या कोट्यातून मिळतो.

तेव्हा २००२ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये ज्यांनी पीआरएसला धक्का न लावता पुढची बाजू बदलली, त्यांनी शहाणपणा केला. त्याबद्दल त्यांना कुणी पुरस्कार दिल्याचं ऐकिवात नाही. चक्र फिरतंय म्हणून लोकांनी शिव्या मात्र मनसोक्त दिल्या.

आता दुसऱ्या टोकाच्या भक्तांची पाळी. ‘चालतंय ना? मग हात लावायचा नाही.’ प्रत्येक कचेरीत हा संप्रदाय असतो आणि त्याचे एक गुरुजी असतात. सर्व्हर रूमची किल्ली त्यांच्याकडे, पासवर्ड त्यांच्या डोक्यात, निवृत्ती दोन वर्षांवर. पण कोड अमर असला तरी त्याच्या खालचं लोखंड अमर नसतं. पीआरएस ज्या इटॅनियम सर्व्हरवर चालते, तो प्रोसेसर इंटेलनं २०२१ च्या जुलैत कायमचा बंद केला. सध्याची यंत्रणा २०१० मध्ये बसवलेली आहे, इटॅनियम आणि ओपनव्हीएमएसवर आहे आणि ती बदलावी लागणार आहे, असं २०२५ मध्ये संसदेतही सांगून झालं. पुढे मांडव घालत राहण्याची मुदत कधीतरी संपते. नियम ठेवायचे आणि पाया बदलायचा, हे खरं अवघड काम. त्यासाठी पुन्हा तेच करावं लागतं, वाचन.

न वाचता जुनं ठेवलं तर काय होतं, ते मराठीत काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. युनिकोड रुळायच्या आधी इथली वर्तमानपत्रं, संकेतस्थळं आणि कचेऱ्या पुण्यातच घडलेल्या सामानावर चालायच्या : मॉड्युलरची श्रीलिपी, सीडॅकचं आयएसएम. त्या फाँटांत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. असतात ती रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं, त्यांच्यावर मराठीचा मुखवटा. फाँट काढला की गावाचं नाव शिवीसारखं दिसतं. क्रमही दिसण्याचा, उच्चाराचा नव्हे. ‘किरण’मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून साठवलेलीही आधी. त्यामुळे अकारविल्हे यादीत किरण, दिलीप आणि विठ्ठल हे सगळे एकाच वेलांटीखाली गोळा. जुन्या प्रोग्रामरनं त्यावर उपाय म्हणून वेलांटी उचलून अक्षराच्या मागे ठेवणारं एक फंक्शन लिहिलेलं असतं. नाव बहुधा ‘फिक्स२’. नवा माणूस सगळा डेटा युनिकोडमध्ये आणतो, फिक्स२ मधलं वेलांटीचं चिन्हही इमानानं नवं करतो, आणि मग मुळात बरोबर आलेली वेलांटी ते फंक्शन इमानानं उचलून चुकीच्या जागी ठेवतं. जुना कोड जपला! आता यादीत किरण सापडत नाही.

जुनं ठेवून नवं करण्याच्या शिस्तीला सॉफ्टवेअर-लेखक मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये एका झाडावरून नाव दिलं, तेच धंद्यात चाललं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या जंगलात त्यांनी दुसऱ्या झाडांवर वाढणारे वटवर्गीय वृक्ष पाहिले होते. बी फांदीवर पडतं, मुळं खाली उतरतात, खोडाला वेढा घालतात, आणि कालांतरानं आतलं झाड मरून त्याच्याच आकारात नवं झाड उभं राहतं. आपल्याला त्यासाठी क्वीन्सलँडचा व्हिसा नको, ताडावर बसलेला वड इथंही दिसतो. सॉफ्टवेअरमध्ये याचा अर्थ एवढाच की जुन्या ॲप्लिकेशनच्या पुढे एक पातळ थर उभा करायचा. येणारी प्रत्येक विनंती आधी तिथं. पत्ता बदलायचाय? जा नव्याकडे. बाकी सगळे जुन्याकडे. महिन्याभरानं पावतीही नव्याकडे. बिघडलं तर तेवढाच तुकडा रात्रीत परत जुन्याकडे. वापरणाऱ्याला कळतही नाही.

फेसबुकनं तर भाषेलाच असं वेढलं. २००४ पासून वापरातली पीएचपी फेकली नाही. आधी ती सी प्लस प्लसमध्ये उलथवून वेगानं पळवली, मग २०१४ मध्ये ‘हॅक’ नावाची तिची शिस्तशीर बहीण काढली. तेव्हा फाइलीच्या अगदी सुरुवातीच्या खुणेतली अक्षरं बदलली की ती फाइल नव्या शाळेत दाखल व्हायची. शेजारची जुन्याच शाळेत, आणि दोघी एकमेकींशी बोलायच्या. अर्थात फेसबुकला नवी भाषा काढणं परवडतं. आपल्याकडे नवा माउस मागायला तीन सह्या लागतात.

आणि वडाला आर्थिक वर्ष नसतं, आपल्या प्रकल्पांना असतं. लॉगिन, पासवर्ड, पत्ता असे सोपे तुकडे नव्याकडे जातात, तेवढ्यावर ‘डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन’ची ट्रॉफी येते, साहेबांची बदली होते. पैशांचा हिशेब, जो खरा कठीण, तो जुन्यातच राहतो. आता यंत्रणा दोन, आणि दोघींचा मेळ घालायला तिसरी. काही वर्षांनी नवी टीम येते आणि त्या तिसरीकडे बघून म्हणते, हे सगळं फेकून देऊन पहिल्यापासून लिहिलं पाहिजे.

हळूहळू जमत नसेल तर एका झटक्यात करू, असं म्हणणाऱ्यांसाठी ब्रिटनच्या टीएसबी बँकेचा एप्रिल २०१८. जुन्या मालकाच्या यंत्रणेवरची सगळी खाती एका शनिवार-रविवारी नव्या यंत्रणेवर न्यायची ठरली. गंमत म्हणजे डेटा सुखरूप पोचला. यंत्रणा कोसळली. १९ लाखांपर्यंत ग्राहकांना स्वतःचे पैसे ऑनलाइन दिसेनात, काहींना दुसऱ्यांचे दिसले. गाडी पूर्ण रुळावर यायला डिसेंबर लागला आणि २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. आपल्याकडे जून २०२१ मध्ये प्राप्तिकराचं नवं पोर्टल सुरू झालं तेव्हा अर्थमंत्र्यांनी दुसऱ्याच दिवशी ट्विटरवर जाहीर नाराजी व्यक्त केली, आणि ऑगस्टमध्ये पोर्टल बनवणाऱ्या कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यांना खुलाशासाठी बोलावणं गेलं. त्या दोन-अडीच महिन्यांत महाराष्ट्रातल्या सीए मंडळींनी जे शब्द वापरले ते छापण्याची या सदराची हिंमत नाही.

सॉफ्टवेअर सल्लागार मायकेल फेदर्स यांनी लेगसी कोडची व्याख्या करताना वय बघितलेलंच नाही. ज्याला टेस्ट नाहीत तो लेगसी, इतकं सरळ. या हिशेबानं काल संध्याकाळी एआयकडून लिहून घेतलेलं आणि न तपासता चढवलेलं मॉड्यूल आज सकाळी लेगसी झालेलं असतं. फेदर्स यांचा उपाय कुणालाही समजेल असा आहे : हात लावण्याआधी जुना कोड काय करतो ते नोंदवून ठेवा. काय करायला हवं ते नव्हे, काय करतो ते. चुकीचं करत असेल तर ती चूकही नोंदवा, कारण त्या चुकीवर कुणाचा तरी संसार चाललेला असतो. तिच्यावर विसंबून अकाउंट्समधल्या बाईंनी एक्सेलमध्ये एक वजाबाकी घातलेली असते. तुम्ही चूक सुधारलीत की बाईंचा हिशेब बिघडतो.

‘आता वाचायचं काम एआय करेल,’ असं नवं आश्वासन बाजारात आहे. करेल की. चार हजार ओळी क्षणात वाचून नीट परिच्छेद पाडून सांगेल, ‘हे फंक्शन पगार काढतं.’ ‘हे काढू नये’ या शेऱ्याबद्दल विचारलंत तर तितक्याच नीट परिच्छेदांत कारण रचूनही देईल. ३१ मार्चच्या त्या रात्री ते हजर नव्हतं आणि जो हजर होता त्याला कुणी फोन करत नाही.

करणार तरी कुठल्या पैशांतून? वाचनाला बजेट नसतं. टेंडरमध्ये ‘नवी प्रणाली विकसित करणे’ असतं, ‘जुनी समजून घेणे’ नसतं. विक्रेत्याला ओळी लिहिण्याचे पैसे मिळतात, वाचण्याचे नाहीत. प्रोग्रामरच्या बायोडेटात ‘शून्यातून उभारलं’ शोभतं, ‘सहा महिने दुसऱ्याचा कोड वाचला’ शोभत नाही. आणि साहेबांना फीत कापायची असते. दुरुस्तीला फीत कुठं बांधणार?

रेल्वेनं मात्र आता पीआरएसच नवी करायला घेतली आहे. २०२५ च्या जूनमध्ये आकडा जाहीर झाला : मिनिटाला ३२ हजारांऐवजी दीड लाखांहून जास्त तिकिटं. आकडा दणदणीत आहे. बर्थ तेवढेच आहेत. म्हणजे वेटिंग लिस्टवर आपण आता जवळपास पाचपट वेगानं पोचू.

माझी मागणी छोटी आहे. नवी चालू करण्याआधी एका गणपतीच्या हंगामात दोन्ही यंत्रणा शेजारी शेजारी चालवा. तिकीट जुनीनं द्यायचं, नवीनं फक्त आपलं उत्तर कागदावर लिहायचं. कोकणकन्येचे दोन चार्ट समोरासमोर ठेवा आणि जिथं फरक पडेल तिथं आधी नव्या यंत्रणेला जाब विचारा. ते फरक वाचायला आरक्षण खिडकीवर तीस वर्षं काढलेले दोन निवृत्त लिपिक बोलवा. जाण्यायेण्याचा खर्च आणि रोजचं मानधन द्या. टेंडरमध्ये त्यासाठी रकाना नाही, असं उत्तर येईल. ‘संकीर्ण’ नावाचा एक रकाना असतो. उद्घाटनाचे हार-नारळ त्यातूनच तर येतात.